कांडीभर काम

वल्लरीचं घड्याळाशी कधी पटलंच नाही. मुलांच्या पुस्तकासाठी चोवीस चित्रं काढायची होती, आणि दोन मुदती तिने हातच्या घालवल्या होत्या. आता शनिवारी चित्रं आली नाहीत तर काम दुसऱ्याला देणार, असं संपादिकेने बजावलं होतं. तिच्या नावाचं पहिलंच पुस्तक! मोबाईलचे गजर झाले, भिंतीवरची वेळापत्रकं झाली. शेवटी तिने निजामपुऱ्यात धोंडूबाईंची खोली भाड्याने घेतली.

भिंतीपलीकडे कापड विणणारी लूम चालायची. घरोघरी यंत्रमाग असलेल्या निजामपुऱ्यात खडखड कुणाची हे कोणी विचारत नाही. तिनेही विचारलं नाही. उलट तिला युक्ती सुचली. कांडीवर, म्हणजे मागाच्या बॉबिनवर, गुंडाळलेला धागा संपला की लूम थांबते, नवी कांडी घातली की पुन्हा सुरू. लूम चालू तोवर ब्रश चालू, लूम थांबली की मान मोकळी करायची. आयुष्यभर टंगळमंगळ केलेली ही बाई, पण हात असा चालू लागला की तिचं तिलाच नवल वाटलं.

मग तिच्या लक्षात आलं, चित्र आणि कांडी एकदमच संपतात. बेडकाचं चित्र वीस मिनिटांत झालं, लूम थांबली. आमराईला दोन तास लागले, तर लूमही दोन तास थांबली नाही.

तिने हे कौतुकाने धोंडूबाईंना सांगितलं.

"दोन तास? येडी का काय तू!" त्या हसल्या. "आमच्या मालकांनी जन्म घातला लूमवर. कांडी धा मिनटं चालली तरी लय."

शुक्रवारी दुपारी चोविसाव्या चित्रातल्या चंद्राला तिने शेवटचा हात दिला. पलीकडे लूम थांबली. वल्लरीला रडूच आलं. चहा घेऊन आलेल्या धोंडूबाईंना ती म्हणाली, "शेजारच्यांचे आभार मानायचेत मला. आज शुक्रवारी, सगळ्या लूमना सुट्टी असतानाही त्यांनी लूम चालवली."

धोंडूबाईंनी कप खाली ठेवला.

"कोन शेजारचे? ती खोली माजीच हाय. मालक गेले तवाच लूम भंगारात घातली."

त्यांनी कुलूप काढलं.

खोली रिकामी होती. जमिनीत बोल्टची भोकं, सगळीकडे बोटभर धूळ. धुळीवर एकही पाऊल नव्हतं.

भिंतीलगत रिकाम्या कांड्या ओळीने मांडलेल्या होत्या. वल्लरीने मोजल्या. चोवीस.

पंचविसावी धाग्याने गच्च भरलेली होती. तिच्या धाग्याचं टोक भिंतीत शिरलं होतं, बरोबर वल्लरीच्या टेबलामागे.