वेस्टरस्टेरच्या पोटात

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी त्या जहाजाच्या पोटात होते, माझी नखं तिथे तुटली, एवढं मात्र मी कुठेही शपथेवर सांगेन.

नोव्हेंबरातली दुपार होती. धुकं असं की हाताची बोटं दिसेनात. हेलेव्हूत्सलाउसच्या बंदराबाहेर 'वेस्टरस्टेर' ही जुनी शिडाची युद्धनौका चिखलात रुतून पडली होती. मोडायला काढलेली.

जन्मभर आरमारात राबलेलं जहाज. आधी पूर्वेकडच्या समुद्रात गस्त. मग शेल्ड नदीच्या मुखाशी लढाई. मग डोलकाठ्या उतरवून पटकीच्या रोग्यांसाठी तरंगतं इस्पितळ. शेवटी नुसता सांगाडा.

माझा नवरा क्राइन जहाज मोडणाऱ्या टोळीचा मुकादम. मी, आख्ये, टोळीचा स्वयंपाक तिथेच, जहाजावर करायची.

आणि माझे सासरे वेसेल तरुणपणी याच जहाजावर खलाशी होते. त्यांचा थोरला भाऊ लेंडर्ट जहाजाचा सुतार.

त्या लढाईत तळाला आग लागली होती. लेंडर्ट आणि आणखी दोघं ती विझवायला खाली उतरले.

आग तोफांच्या दारूच्या कोठाराकडे सरकायला लागली. कप्तानाने तळाचं झाकण बंद करायला लावलं. हवा तुटली की आग मरते...

माणसंही मरतात.

झाकण खालून उचललं जाऊ नये म्हणून त्याच्यावर एका शिपायाला बसवलं. सासऱ्यांना चौघांनी धरून ठेवलं होतं. खालून ठोकण्याचा आवाज येत राहिला.

मग थांबला.

जहाज वाचलं. पुढे कित्येक वर्षं चाकरी करत राहिलं.

"उद्या तळाच्या फळ्या निघणार ना?" त्या दुपारी सासरे क्राइनला म्हणाले. "मला एकदा खाली जाऊ दे."

"बाबा, गुडघे बघा स्वतःचे! शिडी उतरताना हाडं मोजत बसावी लागतील."

"माझा भाऊ आहे खाली."

क्राइन शिडीपासून बाजूला झाला.

"काका, जपून हां," टोळीतला खेइस ओरडला. "खाली उंदीर सलामी द्यायला उभे असतील!"

सगळे हसले. मी कंदील घेतला आणि सासऱ्यांच्या पुढे शिडी उतरले.

तळाला जायला ते एकच भोक. त्याचं झाकण तेव्हा नव्हतं. ओकचं जाड लाकूड, एका कोपऱ्याला फुटलेलं. आदल्या दिवशी मीच ते फोडून चुलीत घातलं होतं. त्याच्यावर वाटाण्याचं सूप शिजवलं होतं.

हे लक्षात ठेवा.

खाली ओल होती. कुजका वास होता. एका बाजूच्या फळ्या कोळशासारख्या काळ्या. सासऱ्यांनी टोपी काढली आणि त्या फळ्यांवरून हात फिरवला.

"पोरी... ही गरम आहे."

मी हात लावला.

गरम होती.

आणि तेवढ्यात वरचा उजेड गेला...

मला वाटलं, धुकं दाटलं. कंदील वर धरला.

भोक नव्हतं.

तिथे झाकण होतं. ओकचं. एका कोपऱ्याला फुटलेलं.

मी शिडीवर चढले. खांदा लावला. हललं नाही. मुठी आपटल्या.

"क्राइन! क्राइन, उघड!"

वर पावलं वाजली. सावकाश. झाकणाजवळ आली...

आणि कुणीतरी धप्पकन झाकणावर बसलं.

माझ्या डोळ्यांत धूळ पडली. मी ओरडत होते, नखांनी फटी उकरत होते. वर कुणी हलेना. श्वास ऐकू येत होता. माणसाचाच.

मग धुराचा वास आला.

कंदिलाची ज्योत लहान होत गेली. मी तोंड उघडून श्वास ओढत होते. हवा आत जाईना.

अंधारात कुणीतरी खोकलं.

मी नाही. सासरे माझ्या पायाशी, शिडीला धरून उभे. त्यांनीही नाही.

खोकला त्यांच्या पलीकडून आला होता...

सासरे तिकडे वळले. मला वाटलं, आता म्हातारा घाबरून जागच्या जागी मरणार. पण त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला.

"दादा? मी आलोय रे. मला येऊ देत नव्हते... धरून ठेवलं होतं मला."

पुन्हा खोकला. मग एक लांब श्वास. कुणीतरी ओझं खाली ठेवल्यासारखा.

आणि माझ्या तोंडावर गार धुकं आलं.

वर भोक होतं. उघडं. राखाडी उजेड होता.

आम्ही कसे वर आलो, आठवत नाही. टोळीतले सगळे पुढच्या टोकाला करवत चालवत होते. त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. भोकाच्या काठाशी एकटा क्राइन उभा. तोंड पांढरंफटक.

"कुठे होतास?" मी किंचाळले.

"इथेच," तो म्हणाला. बस, तेवढंच.

सासऱ्यांनी त्या रात्री पोटभर जेवण केलं आणि गाढ झोपले. पुढे चार वर्षं जगले. तळाचं नाव कधी काढलं नाही.

क्राइन मात्र बोलला. ते वारल्यावर, एका संध्याकाळी. आम्ही दोघं बटाटे सोलत होतो.

"तू हाका मारत होतीस," तो मान वर न करता म्हणाला. "मी ऐकल्या होत्या."

माझी सुरी थांबली.

"मग उघडलं का नाहीस?"

"मी झाकणावर बसलो होतो."

"झाकण नव्हतंच, क्राइन! मी जाळलं होतं ते."

"माहीत आहे."

"कुणी धरलं होतं का तुला?"

त्याने सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

"नाही. मागून कुणीतरी म्हणालं, उठायचं नाही. हुकूम आहे..."

"आणि?"

"आणि मी नाही उठलो, आख्ये. उठता येत होतं. तरी नाही उठलो."

त्याने पुढचा बटाटा उचलला.

याला आता वीस वर्षं झाली. क्राइन चांगला माणूस आहे. माझ्यावर कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. आजही माझ्या आधी उठून शेगडी पेटवतो.

पण तळघरातून काही आणायचं असलं, की मी आधी खिडकीतून बघते. तो बंधाऱ्याच्या वळणापलीकडे दिसेनासा होतो...

मगच मी खाली उतरते.