ब्रदर सोडून काहीही

त्यांची पहिली भेट झाली ती एका पेशंटला पालथं करताना. डॉक्टरीण डोक्याशी, हात श्वासाच्या नळीवर. बाकीचे चादर धरून उभे. एक जण कमी पडत होता... तेवढ्यात कुणीतरी झपाझप आलं आणि समोरची कड धरली. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते.

"मी तीन म्हटलं की उलटायचं," ती म्हणाली.

"तीन म्हणताना, की म्हणून झाल्यावर?"

"म्हणताना!"

ते डोळे हसले. पेशंट अलगद पालथा झाला, आणि आपल्या डॉक्टरीणबाईंच्या मनात उगीचच काहीतरी उलटंपालटं झालं.

तो आयसीयूत नव्याने आलेला नर्स होता. हॉस्पिटलात पुरुष नर्सला सगळे ब्रदर म्हणतात, म्हणून तीही म्हणायची. ब्रदर, सलाइन बदला. ब्रदर, रिपोर्ट आले का? दर वेळी त्याचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं व्हायचं. तिला वाटायचं, कामाचा कंटाळा असेल. हुशार मुली अशा बाबतीत अगदी ढ असतात!

आणि मग ती दुपार आली. कोपऱ्यातल्या कॉटवर शिवणकाम करणाऱ्या एक मावशी होत्या; न्यूमोनियाने बेजार, व्हेंटिलेटरवर, फुप्फुसांत हवा नीट जावी म्हणून पालथ्या. बीपी टिकवणारं औषध हाताच्या बारीक शिरेतून चाललं होतं आणि तो हात बघता बघता सुजला. औषध शिरेबाहेर झिरपत होतं. आता मोठ्या शिरेत लांब नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, घालायलाच हवी होती. एरवी ती मानेतून घालतात, पेशंटला उताणं ठेवून. पण मावशींना सकाळी जरा कुशीवर केलं तरी ऑक्सिजन धाडकन उतरला होता.

मोठ्या मॅडम ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेल्या. फोनवर म्हणाल्या, "गुडघ्यामागून घाल. पालथ्या आहेत ना, तीच बाजू वर आहे. सोनोग्राफीवर बघत जा. शिरेच्या अगदी खाली धमनी आहे, खोल जाऊ नकोस. आणि काही झालं तरी तार सोडायची नाही."

नळी त्या तारेवरूनच आत जाते. पण गुडघ्यामागून तिने कधीच लाइन घातली नव्हती. बाहेर बाकावर मावशींचे यजमान बसले होते. "बरी होईल ना हो?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि तिला धड हो म्हणवलं नव्हतं. ग्लोव्ह्ज चढवताना तिचे हात इतके थरथरले की एकाच बोटाच्या जागेत दोन बोटं शिरली.

त्याने ते पाहिलं. मावशींच्या नडगीखाली चादरीची घडी सरकवत तो हळूच म्हणाला, "एक विनंती होती."

"आत्ता?"

"आत्ताच. मला ब्रदर म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"ब्रदर सोडून काहीही."

"हीच वेळ मिळाली तुम्हाला?"

"हात थांबले ना थरथरायचे?"

थांबले होते. गाल मात्र मास्कच्या आत गरम झाले...

स्क्रीनवर शीर दिसली, तिच्याखाली उडणारी धमनी. सुई पुढे... आणखी थोडी... काळसर रक्त आलं, अगदी संथ. शीरच! तिने तार आत सरकवली, आणि नेमका तेव्हाच मावशींना खोकला आला.

त्या उबळीसरशी व्हेंटिलेटरचा पाइप श्वासाच्या नळीपासून निसटला. मशीन कोकलायला लागलं, ऑक्सिजनचा आकडा घसरू लागला. तो पाठमोरा, औषधाच्या पंपाशी झटत होता. पंपही ओरडत होता, त्यामुळे त्याला काही कळेना. तिच्या दोन्ही हातांत तार.

"ब्र—" तोंडातून निघालं आणि अडकलं. पुढचं आपोआप आलं, जीव खाऊन —

"अहोऽऽ! पाइप सुटला!"

अख्खा आयसीयू वळला. हाक थेट नवऱ्याला मारतात तशी! तो झेपावला, पाइप जोडला. आकडा तरी खालीच... मग थबकला, आणि हळूहळू वर चढू लागला.

"तार?" त्याने विचारलं.

"धरलीय."

"घाला. मी इथेच आहे."

नळी आत गेली, तार बाहेर आली, टाके पडले, औषध नव्या वाटेने सुरू झालं. मावशींचं बीपी सावरलं. तेव्हा कुठे पलीकडच्या सिस्टर म्हणाल्या, "काय हो डॉक्टर, लग्नाचं आम्हाला कळवलंसुद्धा नाहीत?"

तिला तोंड लपवायला जागा उरली नाही. ती बाहेर पळाली, ते यजमानांना सांगायला. "धोका अजून आहे, पण आजचं संकट टळलं." ते ओंजळीत तोंड घेऊन रडले, आणि तिचेही डोळे भरून आले.

संध्याकाळी तो जिन्यात भेटला, मास्कशिवाय.

"दुपारचं ते..." तो चाचरत म्हणाला, "घाईत माणूस काहीही बोलतं. चार दिवस चिडवतील सगळे. तुम्ही काळजी करू नका, मी मनावर घेतलेलं नाही."

हसून 'बरं' म्हटलं की विषय संपला. उद्यापासून पुन्हा सलाइन आणि रिपोर्ट. पण तिला तो आवडत होता, त्या पहिल्या दिवसापासून. मावशींच्या पायात सुई घालताना वाटली नव्हती इतकी भीती तिला आता वाटत होती.

"घ्या ना," ती म्हणाली.

"काय?"

"मनावर."

तो कानापर्यंत लाल होत म्हणाला, "घेतलंच होतं... मघाशी खोटं बोललो."