टोपीवरची दुसरी तारीख

दिव्यांच्या कारखान्यात, आयुर्मान-चाचणी विभागात, मी चौतीस वर्षे काम केले. तेथली एक सवय घरीही राहिली. बल्ब बसवताना त्याच्या धातूच्या टोपीवर सुईने त्या दिवसाची तारीख कोरायची. तो गेला, की काढून तिच्याखाली दुसरी.

गेल्या वर्षी ताईच्या खोलीतला बल्ब गेला. काढून पाहतो, तर दुसरी तारीख आधीच कोरलेली. अक्षर माझे, तारीख त्याच दिवसाची. वयोमानाने माझाच काहीतरी घोटाळा झाला असेल, असे म्हणून तो कपाटात ठेवला. जेवणानंतर ताई आडवी झाली, ती उठली नाही. चार महिन्यांनी धाकट्या भावाच्या खोलीतला बल्ब गेला. टोपीवर तसेच. संध्याकाळी त्याच्या कार्यालयातून निरोप आला.

आता घरात आम्ही दोघेच. पाय मोडल्यापासून ही मागच्या खोलीत पडून असते. तेथे दिवसाही दिवा लागतो. ही झोपली, की मी मालवत असे. साठ वॅटचा, तारेचा बल्ब. सरासरी आयुष्य हजार तास. पैकी नऊशे सत्तर संपले होते.

"एलईडी बसवा की. पंचवीस हजार तास चालतो म्हणून गावभर सांगत फिरता!"

"त्यासाठी हा काढावा लागेल."

"मग काढा. बल्ब आहे तो, माझी दाढ नव्हे."

काढण्याचे धैर्य झाले नाही. निदान तास वाचवावेत, म्हणून ही बोलत असतानाच बटण बंद केले.

"अहो, त्या डॉक्टरांना विचारा, प्लास्टर..."

पुढे शब्द नाही. श्वासही ऐकू येईना. मी चाचपडत बटण लावले.

"...कधी काढणार ते," ही म्हणाली.

त्यानंतर बटणाला हात लावला नाही. थंड तार बहुधा पेटतानाच तुटते. मात्र व्होल्टेज एक दशांश उतरवले, की बल्बाचे आयुष्य सुमारे चौपट होते. हे तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी शिकलो होतो. वीज चालू ठेवूनच मी रेग्युलेटर बसवला.

उजेड पिवळा झाला. ही हळू बोलू लागली.

चौथ्या दिवशी आणखी उतरवले. उजेड नारिंगी. प्रश्न विचारला, की उत्तर येईपर्यंत माझा चहा निवत असे.

"अहो... जरा... मोठा करा ना."

"उद्या करतो."

"तुमचं... उद्या..."

वाक्य पुरे व्हायची मी वाट पाहिली. मग रेग्युलेटर आणखी थोडा मागे फिरवला.

आज तार नुसती तांबडी दिसते. आकडेमोड दोनदा तपासली. हा बल्ब माझ्या मागेही चालेल.

सकाळपासून हिचे ओठ उघडत आहेत.

मी हात हातात घेतला. काचेसारखा गुळगुळीत, किंचित कोमट.

नाडी पाहिली. ठोके नव्हते. मंद केलेल्या दिव्याची तार गुणगुणते, तशी एक बारीक, अखंड गुणगुण बोटांना लागत होती.