जन्मात न जुळणारा ठेका

कानामागे तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बसवल्याला अकरा महिने झाले, आणि तेवढ्या काळात यशवंत खोबरेकराला एकदाही फेफरं आलं नाही. तो पुन्हा होडीवर जाऊ लागला. दीड वर्षांच्या नातीला, शर्वाणीला, कडेवर घेऊन लाटांत उभा राहू लागला. पूर्वी त्याच्या हाती भरला कपसुद्धा कुणी देत नसे.

तपासणीला आला तेव्हा त्याने डॉ. मृणाल गवाणकरांसाठी सुके बांगडे आणले.

"डॉक्टरबाय, तुमच्यामुळे मी माणसांत इलंय," तो म्हणाला. "पण रापण ओढताना माझो हात चुकता. चाळीस जण एका दमात ओढतत. मी कधी आधी, कधी मागसून."

रापण म्हणजे साऱ्या गावाने किनाऱ्यावरून मिळून ओढायचं लांबलचक जाळं. गवाणकर गंभीर झाल्या.

"फेफरं म्हणजे मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच ठेक्यावर नाचू लागणं. यंत्र तो ठेका जुळू देत नाही. यंत्राच्या तालाला आम्ही मूळताल म्हणतो. बारा मात्रांच्या तालात दोनाचा, तिनाचा, चाराचा ठेका बसतो. तेरा ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, म्हणून तिच्यात कुणाचाच ठेका बसत नाही. प्रत्येक यंत्राला अशीच एक मूळ संख्या देतो."

"मगे माझ्या यंत्राचो आकडो एकेचाळीस आकडी कित्याक?"

"तेरा लहान आहे, थोड्या वेळाने गाठ पडतेच. तुमच्या संख्येशी जन्मात पडणार नाही. पण कोणता ठेका झटक्याचा आणि कोणता रापणीचा, हे यंत्राला कळत नाही. तासभर बंद ठेवता येईल. धोका मात्र आहे."

यशवंतला त्याची लेक आठवली. ती सात वर्षांची असताना, गुडघाभर पाण्यात, त्याला झटका आला आणि ती त्याच्या हातांतून सुटली. शेजाऱ्याने ओढून काढली म्हणून वाचली. शर्वाणी तिचीच मुलगी.

"नको, बाय. बंद करू नकात. माझ्या हातात नात आसा, माका आनी काय होयां?" त्याने हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते.

"पुढच्या वर्षापासून पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला, फेफरं येण्याआधीच, हे यंत्र बसवणार आहेत," गवाणकर आनंदाने म्हणाल्या. "प्रत्येकाला वेगळी संख्या."

"आकडे पुरतले?"

"मूळ संख्यांना अंत नाही, काका. हे दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय."

सहा वर्षांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात यशवंत पहिल्या रांगेत बसला होता. शर्वाणीच्या वर्गातली तीस मुलं प्रार्थनेला उभी राहिली. टवटवीत चेहरे, गोड गळे, प्रत्येकाच्या कानामागे यंत्र. सगळ्यांनी एकच गाणं सुरू केलं आणि प्रत्येक जण ते एकट्याने गात राहिला. कुणाचं कडवं आधी संपलं, कुणाचं नंतर. गोंधळ झालाय हे एकाही मुलाच्या लक्षात आलं नाही.

त्यांतल्या एकालाही कधी फेफरं आलं नव्हतं. यशवंतने मनोमन डॉक्टरबाईंचे आभार मानले. मग टाळी वाजवायला उचललेले हात त्याने तसेच मांडीवर ठेवले.