देलाकोपेच्या चाळीस जागा

दुसऱ्याने बांधलेली वेबसाइट हाती घेणं म्हणजे परक्या स्वयंपाकघरात शिरून मिठाचा डबा शोधणं. झिफाने अशी पाच-सहा स्वयंपाकघरं धुंडाळली होती आणि प्रत्येक वेळी आधीच्या माणसाच्या नावाने बोटं मोडली होती. क्पांडो गावातल्या बोट कंपनीची वेबसाइट उघडली तेव्हा मात्र ती चाटच पडली. आधीच्या माणसाने, कोर्सी आमेन्याने, जागोजागी टिपा लिहून ठेवल्या होत्या. प्रवाशांना त्या दिसत नव्हत्या. पुढे जो कोणी दुरुस्तीला बसेल त्याच्यासाठीच त्या होत्या. 'फोटो आधी लहान करून घ्या, इथलं नेटवर्क रडकं आहे.' 'मालकीणबाईंना जांभळा रंग आवडतो. वाद घालू नका, मी घालून बघितला.'

झिफा एकटीच हसली. इतक्या वर्षांत तिच्यासाठी कोणी एवढं करून ठेवलं नव्हतं. हा माणूस भेटला तर त्याला पोटभर जेवायला घालायचं, असं तिने ठरवून टाकलं.

कंपनीची मालकीण आंटी मान्सा. तिच्या तीन बोटी, प्रत्येकीत चाळीस जागा. बोटी सरोवराच्या या काठावरून पलीकडे जात. सरोवर धरणाचं. खाली बुडालेलं रान अजून उभं होतं आणि पाणी उतरलं की झाडांची खोडं वर डोकावत. कोर्सीने केलेलं वेळापत्रक पाच रकान्यांचं होतं, कारण इथला बाजार दर पाचव्या दिवशी भरतो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सरोवराला सुट्टी असते, त्या दिवशी कोणी पाण्यात होडी घालत नाही. झिफा वाढली राजधानीत, अक्रात. तिच्या हिशेबी आठवडा सात दिवसांचा. तिने ते पाच रकाने मोडले आणि सोमवार ते रविवार असे सात घातले.

त्या मोडतोडीत एक विचित्र ओळ मिळाली. सुट्टीच्या दिवशी बोट नाही एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. पण तिथे चाळीसच्या चाळीस जागा भरलेल्या दाखवल्या होत्या. शेजारी टीप होती. 'ही ओळ काढू नका. कृपा करून.'

बाकीच्या टिपांमध्ये गंमत होती, कारणं होती. इथे कारण नव्हतं. झिफाने ओळ काढली.

खरं सांगायचं तर त्यात तिचाही स्वार्थ होता. पलीकडच्या काठावर तिच्या धाकट्या बहिणीला शुक्रवारी मुलगी झाली होती. आठव्या दिवशी पहाटे बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणतात, नाव ठेवतात. म्हणजे पुढच्या शुक्रवारी पहाटे बाळाची आजी, झिफाची आई, तिथे हवीच. बुधवारी क्पांडोचा बाजार. आईची सुकी मासळी त्याच दिवशी खपायची, तो चुकवणं शक्य नव्हतं. उरला गुरुवार, आणि तो नेमका सरोवराच्या सुट्टीचा. आंटी मान्सालाही गुरुवार हवाच होता. शेजारच्या धक्क्यावर नवी बोट सुरू झाल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. सुट्टीबिट्टी जुन्या लोकांची, आता सगळे फोनवर तारीख बघतात, असं ती म्हणाली. झिफाने गुरुवारची फेरी चढवली आणि पहिल्या अकरा जागा घरच्यांच्या नावाने धरल्या.

मंगळवारी सकाळी आईचा फोन आला.

"अगं, आमच्या जागा रद्द झाल्याचा मेसेज आलाय. अकराही. घरचीच पोरगी वेबसाइट सांभाळते आणि आम्ही काय पोहत जायचं?"

झिफाने बुकिंग उघडलं. गुरुवारच्या चाळीसही जागा भरल्या होत्या. उतरण्याचं ठिकाण म्हणून प्रत्येक नावापुढे एकच गाव होतं, देलाकोपे. तिच्या वेबसाइटवर हा काठ आणि तो काठ, दोनच ठिकाणं निवडता येत. तिसरं टाकायला जागाच नव्हती. बदल कोणी केला त्या रकान्यात लिहिलं होतं, कोर्सी. त्याचं खातं तर झिफाने पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

तिने यादी पुसली आणि घरच्यांची नावं पुन्हा घातली. पान नव्याने उघडलं तर चाळीस नावं जागच्या जागी होती. असं तीनदा झालं. कोणीतरी पासवर्ड चोरला असणार, असं तिने स्वतःला बजावलं आणि कोर्सीचा नंबर मागायला आंटी मान्साला फोन लावला.

"नंबर कसला घेतेस?" आंटी म्हणाली. "त्याच्या मयतीला जाऊन मला वर्ष होईल आता."

तिने आईला फोन करून यादी वाचून दाखवली. निदान आई हसेल, असं तिला वाटलं होतं. चार नावं झाल्यावर आईने तिला थांबवलं.

"चौथी कोण म्हणालीस?"

"आब्ला डोग्बे."

"ती माझी आजी."

आईने सांगितलं की देलाकोपे हे त्यांचं जुनं गाव, धरणाच्या पाण्यात गेलेलं. माणसं उठून वर आली, थडगी खालीच राहिली.

"आम्ही रस्त्याने जाऊ," आई म्हणाली. "त्यांच्या जागांना आता हात लावू नकोस."

गुरुवारी अख्खं खटलं पहाटेच निघालं. दोन ट्रोट्रो, म्हणजे खच्चून भरलेल्या छोट्या बस बदलून, दिवसभर गुडघे पोटाशी घेऊन बसल्याने हाडं खिळखिळी झाली. आईने वाटेत एकदाही कुरकुर केली नाही आणि झिफाला त्याचीच जास्त भीती वाटली. शुक्रवारी उजाडताना बाळाला अंगणात आणलं. जिभेवर पाण्याचा थेंब ठेवला, मग दारूचा. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळे हसले. शुक्रवारची म्हणून आफी नाव ठेवलं. दुपारी आंटी मान्साचा फोन आला की गुरुवारची बोट बुडाली.

झिफा अंगणातच खाली बसली. समोर आई बाळाला न्हाऊ घालत होती, मामा जेवत होता, भावाची पोरं धुळीत लोळत होती. तिने सगळ्यांना एकेक करून मोजलं. अकरा जण होते. मग ती मनसोक्त रडली. कोणाचे उपकार मानायचे हे तिला नक्की ठाऊक होतं, त्याला जेवायला घालता येणार नव्हतं एवढंच.

शनिवारी ती क्पांडोला परतली. बोट चालवणारा यावो आंटी मान्साच्या कचेरीत बसला होता. त्याला सगळे एफो, म्हणजे दादा म्हणत.

"गुरुवारी धक्क्यावर एक माणूस आला नाही," तो म्हणाला. "आंटी म्हणाली, रिकामी ने, पलीकडची माणसं घेऊन ये. मी आणि इंजिनवाला, दोघंच."

"मग?"

"दोघंच, झिफा. आणि पाणी बोटीच्या काठाला लागलं होतं. चाळीस माणसं चढल्यावर लागतं तेवढं."

सरोवराच्या मधोमध इंजिन आपोआप मंदावलं, जिथे कधी कोणी उतरत नाही तिथे. बोट खोडावर चढली, फळी फुटली. दोघं त्या फळीला धरून शुक्रवार उजाडेपर्यंत तरंगले. सुट्टीच्या दिवशी पाण्यावर दुसरी होडी नव्हतीच.

झिफाने त्याच्यासमोरच संगणक उघडला. गुरुवारची यादी आता कोरी होती. तिने पाच रकाने परत आणले आणि ती ओळ होती तिथे घातली. कोर्सीच्या टिपेखाली तिने लिहिलं, 'मी ही ओळ काढली होती. माझी माणसं तुमच्यामुळे घरी आहेत. फार फार आभारी आहे.'

लिहून झाल्यावर तिला हलकं वाटलं. तिने एफोला विचारलं, बोटीतलं काही हाती लागलं का.

"जाकिटं लागली. तरंगायची. आज सकाळी सगळी एकदम काठाला आली."

"सगळी?"

"चाळीस. मी बाकाखाली घड्या घालून ठेवली होती, आम्ही एकही घातलं नव्हतं." त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "सगळ्यांचे बंद लावलेत. इथे, घट्ट."

बाहेर ओट्यावर आंटी मान्सा एकेका जाकिटाचे बंद सोडवून ते वाळत घालत होती.