केळ्यांचा परिच्छेद

नेत्रा आणि लेस्टरचं पहिलं बोलणं वसईच्या एसटी स्टँडवर झालं, आणि तेही केळ्यांवरून. बाकावर त्याच्या शेजारी केळ्यांचा अख्खा घड ऐसपैस बसला होता.

"याला उठव. मला बसायचंय."

लेस्टर घडाला म्हणाला, "ऊठ रे, ताटकळल्यात त्या." आणि बस येईपर्यंत तो घड मांडीवर घेऊन बसला... बारशाला निघाल्यासारखा.

मग कळलं, दोघं एकाच कॉलेजात. ती वार्षिक अंकाची संपादक. प्रत्येक लेखाचं सार एका ओळीत चौकटीत द्यायचं आणि त्यावर लेखकाची सही घ्यायची, ही त्या अंकाची जुनी रीत. लेस्टरने लेख दिला – 'मूळचे कुठले?'

कुरळे केस, सावळ्याच्या बराच पुढचा रंग, त्यात हे नाव. लोक त्याला गोव्याचा समजत, केरळचा समजत. दादरला एका काकांनी थेट आफ्रिकेत पोचवलं आणि "मराठी छान शिकलास हो" म्हणून पाठ थोपटली. घरात तर पिढ्यान्‌पिढ्या वसईतली वाडी आणि वसईचीच बोली! वाचताना नेत्रा हसली, मग हसायची थांबली.

शेवटच्या परिच्छेदात एसटी स्टँड, बाक आणि "याला उठव" म्हणणारी एक मुलगी. नाव नव्हतं. तरी नेत्राचे कान तापले. अख्खी संपादक समिती चिडवणार! तिने गंभीर चेहऱ्याने शेरा मारला – 'केळी विषयाला सोडून' – आणि परिच्छेद पेन्सिलीने कापला.

अंक छापायला जायच्या दिवशी ती चौकटीसाठी ओळी घेऊन कँटीनमध्ये त्याच्यासमोर बसली.

"'रंगावरून माणूस ओळखू नये.'"

"हे भिंतीवर रंगवतात."

"'विविधतेत–'"

"नेत्रा, मी वडापाव खातोय."

"'लेखक दुखावलाय.'"

"लेखकाला अजून एक वडापाव हवाय."

"मग तूच सांग ना! पाचला प्रेस बंद होते. सही नसेल तर लेख काढावा लागेल."

"काढ." तो हसला, पण पाव हातातच राहिला. "मी ते लिहिलंच नाहीये कुठे. वाटलं होतं... तुला सापडेल."

नेत्राने कागद पुन्हा उघडले. लेखात बारा माणसं. अकरा जणांनी एकच प्रश्न विचारलेला. बारावीने फक्त बसायला जागा मागितलेली.

आणि बारावीलाच आपण कापलं!

तिने खोडरबर काढला. केळी परत आली. मग चौकटीत लिहिलं – 'जिथे कुणी विचारत नाही, मी तिथला.'

लेस्टरने बराच वेळ ती ओळ वाचली. सही केली. तेलाचा डागही पडला.

"पत्ता अर्धाच आहे," तो हळूच म्हणाला.

"उरलेला फुलपाड्यात, आमच्या घरी. रविवारी चहाला ये..." ती कागद उगाचच सरळ करत राहिली. "पण आई विचारणारच हं, मूळचे कुठले."

"काय सांगू?"

"एसटी स्टँड, पहिला बाक."

"घड आणू?"

"आण. पण मांडीवर घे. शेजारी मी बसणार आहे."