देव लोकेशनवर नाहीत

माझं लग्न ठरलं.

थांबा, हे शेवटी सांगायचं होतं. वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजून पुढं चला.

मी शिवप्रिया. अणदूरच्या खंडोबाच्या देवळाबाहेर आमचं भंडाऱ्याचं दुकान. आई नाही, अण्णांना मी एकटीच. म्हणून आलेल्या स्थळांना चहाआधीच सांगते, "मी अणदूर सोडणार नाही." मग कुणी चहाला थांबत नाही.

त्या दिवशी एकजण देवळातून पळतच बाहेर आला. चपला चोरीला गेलेल्या माणसाचा चेहरासुद्धा याच्यापेक्षा बरा असतो.

"अहो... आत देवच न्हाय!"

"माहितंय."

"आणि तुम्ही पुड्या बांधताय? पोलिसांना फोन—"

"देव नळदुर्गला गेलेत. मूर्ती एक, देवळं दोन. दरसाल दोन्ही गावांचा करार होतो, मग देव निघतात."

त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. "पण लोकेशन तर इथलंच दाखवतंय!"

"मोबाईलला कुणी कराराला बोलावलं नव्हतं."

तो मटकन पायरीवर बसला. नाव अनिरुद्ध, परंड्यात पंपाच्या जळालेल्या मोटारींचं रिवायंडिंग करायचं दुकान. लग्न जमू दे म्हणून आईनं नवस बोलायला पाठवलेला.

आमच्याकडं लोकेशन हा शब्द लई राबतो. प्लॉटचं लोकेशन म्हणजे रस्ता. नवऱ्या मुलाचं लोकेशन म्हणजे नोकरी. शेजारच्या पार्वतम्मा तर लेकीला फोनवर विचारतात, "लोकेशन बरं हाय न्हवं?" म्हणजे तब्येत.

अनिरुद्धचं लोकेशन मात्र दर सोमवारी अणदूरच यायला लागलं.

"देव अजून आले नाहीत," मी म्हणायची.

"मी कुठं विचारलं?"

...आणि मी चहा ठेवायची. तो प्यायचाही.

देव परत आले त्या दिवशी सगळं गाव पिवळं झालं होतं. त्या गर्दीत तो म्हणाला, "आपणही करार करू."

"कसला?"

"देव नळदुर्गला, तेवढे दिवस तू परंड्याला. देव अणदुरात, तेव्हा... मी अणदुरात. मोटारी काय, सगळीकडं जळतात."

"आणि तुमच्या आई?"

"ती म्हणती सून घरात नांदली पाहिजे. किती दिवस, ते बोलली न्हाय."

धप्प! मागं उभ्या अण्णांच्या हातातली भंडाऱ्याची परात पडली. अण्णा गुडघ्यापर्यंत पिवळे झाले.

"देवाचं ठीक हाय," ते म्हणाले. "पोरगी अशी ये-जा कराय लागली तर लोक काय म्हणतील?"

"यात्रा म्हणतील!" पार्वतम्मांनी निकाल दिला.

अण्णांनी परात उचलली, उरलेला भंडारा अनिरुद्धच्या कपाळाला फासला. माझं उत्तर मात्र द्यायचं राहिलंच, म्हणून हे लेखी.

प्रति, मोबाईलमधल्या नकाशाचे साहेब. विनंती अर्ज करते, की दरसाल देव नळदुर्गला निघताच त्यांचं लोकेशन आपोआप नळदुर्गला न्यावं, आणि त्याच मुहूर्तावर अर्जदाराचं परंड्याला. देव परतले की दोन्ही लोकेशनं अणदूरला आणावीत. अनिरुद्ध यांचं लोकेशन वेगळं दाखवू नये. ते बारमाही अर्जदाराशेजारीच ठेवावं, ही नम्र विनंती.